तासांचं बिल सोडून उक्त्या फीकडे: लीगल विभागातला अनुभव

कंपनीच्या लीगल विभागात बसणाऱ्याला अंदाजपत्रकाच्या दिवसांत एक प्रश्न चुकवता येत नाही: पुढच्या वर्षी बाहेरच्या वकिलांवर किती खर्च होणार? आमच्याकडे तो प्रश्न वित्तप्रमुख विचारायचे आणि आमचं उत्तर ठरलेलं असायचं, "सर, ते समोरची पार्टी काय करते त्यावर आहे." उत्तर खोटं नव्हतं. पण खरेदीवाले कच्च्या मालाच्या भावाचा अंदाज देतात, विक्रीवाले मागणीचा देतात आणि आम्हीच तेवढे हात वर करतो, हे फार वर्षं खपत नाही. एकदा त्यांनी भर बैठकीत सांगितलं, की बाहेरच्या वकिलांचं निम्मं काम तरी तासांच्या बिलातून बाहेर काढा. कसं, ते तुमचं तुम्ही ठरवा. ते काम माझ्याकडे आलं.

तासांचं बिल ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तासाचे दहा भाग करतात, म्हणजे सहा मिनिटांचा एक भाग. दोन मिनिटांचा फोन झाला तरी ०.१ तास लागतो. पार्टनरचा, म्हणजे फर्मच्या भागीदार वकिलाचा, दर वेगळा, सिनियर असोसिएटचा, म्हणजे फर्ममधल्या अनुभवी पगारी वकिलाचा, वेगळा, नव्याने रुजू झालेल्या वकिलाचा वेगळा. महिना संपला की पानंच्या पानं येतात आणि त्यात अशा नोंदी असतात: 'अशिलाशी चर्चा, कागदपत्रे पाहिली, मसुद्यात दुरुस्त्या, सहकाऱ्याशी विचारविनिमय, ३.४ तास'. यात चर्चा किती आणि दुरुस्त्या किती, कळायला मार्ग नाही. अशा एकत्र नोंदी चालणार नाहीत, हे आमच्या अटींमध्ये लिहिलेलं होतं. तरी त्या यायच्या, आम्ही हरकत घ्यायचो, फर्म थोडी रक्कम सोडून द्यायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. या घासाघिशीत आमचा जो वेळ जायचा तो मात्र कोणाच्याच टाइमशीटवर नसायचा.

मी आधी आमच्या सगळ्यात जुन्या फर्मच्या पार्टनरांशी बोलले. ते म्हणाले, "मॅडम, वकिली पूर्वापार अशीच चालत आली आहे." मला ते पटेना, म्हणून शोधून वाचलं. पूर्वापार वगैरे काही नाही. बोस्टनच्या हेल अँड डॉर या फर्मचा कारभार १९१९ पासून रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांच्याकडे होता. वेळेच्या रोजच्या नोंदी ठेवण्याची पद्धत रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात, आणि त्यांचा हेतू फर्मच्या आत कुठल्या कामाला किती खर्च येतो हे कळावं, हा होता. अशिलाला आकडा सांगताना कामाचं महत्त्व, गुंतलेली रक्कम, निकाल, अशिलाची ऐपत असं सगळं बघून एकच रक्कम सांगण्याची रीत त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती. १९५८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेने, एक पुस्तिका काढली. वकिलांची कमाई डॉक्टरांच्या मानाने मागे पडते आहे, तेव्हा वेळ नोंदवा, असा तिचा सूर होता आणि वर्षाला सुमारे १,३०० तासांची फी लावता येईल असा हिशेब तिच्यात मांडला होता. आता अमेरिकेतल्या मोठ्या फर्मांमध्ये असोसिएटला १,९०० ते २,००० तासांचं लक्ष्य असतं.

तिथल्या बार असोसिएशन कामानुसार किमान फीचे तक्तेही छापायच्या. ते तक्ते एका घराच्या खरेदीमुळे कोसळले. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत गोल्डफार्ब नावाचं जोडपं घर घेत होतं आणि मालकीहक्काची तपासणी वकिलाकडूनच करून घेणं भाग होतं. वकिलाने तक्त्यातली फी सांगितली, किमतीच्या एक टक्का. त्यांनी आणखी ३६ वकिलांना पत्रं धाडली. १९ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातला एकही तक्त्याच्या खाली यायला तयार नव्हता. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे तक्ते मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. तक्ते गेले आणि तोवर पसरत चाललेल्या तासांच्या बिलाला रान मोकळं झालं. एवढं वाचून मी पार्टनरांकडे परत गेले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, पूर्वापार नाही. पण माझी अख्खी कारकीर्द यावर गेली आहे." ही अडचण खरी होती, आणि पुढे ती वेगळ्या रूपात समोर आलीच.

पहिलं काम म्हणजे जुनी बिलं काढणं. फक्त निकाली निघालेल्या मॅटरची, म्हणजे प्रकरणांची, घेतली. चालू असलेल्यांवरून काही कळत नाही. खटल्यांच्या बिलांसाठी अमेरिकेत नव्वदच्या दशकात तयार झालेले टप्प्यांचे कोड आता बऱ्याच देशांत वापरतात: एल १०० म्हणजे प्रकरणाचा अभ्यास आणि धोरण, एल २०० म्हणजे कैफियती आणि अर्ज, एल ३०० म्हणजे कागदपत्रांची देवाणघेवाण, एल ४०० म्हणजे सुनावणीची तयारी आणि सुनावणी, एल ५०० म्हणजे अपील. आमच्या काही फर्म हे कोड भरायच्या, काही कुठलाही कोड कुठेही टाकायच्या. विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याला घेऊन मी नोंदी वाचत गेले आणि कोड दुरुस्त करत गेले. कंटाळवाणं काम होतं, पण सगळ्या प्रक्रियेत एवढं उपयोगी दुसरं काही ठरलं नाही.

त्यातून दिसलं ते असं. पुरवठादारांचे करार, गोपनीयतेचे करार, ट्रेडमार्कचे अर्ज, कर्मचाऱ्यांच्या नोटिसांना उत्तरं यांची बिलं एकमेकांच्या आसपासच होती. दहा कामं घेतली तर नऊ एका पट्ट्यात बसायची. खटल्यांत एल १०० आणि एल २०० चं बिलही बऱ्यापैकी एकसारखं होतं. एल ३०० आला की पट्टा फाटायचा. एकाच प्रकारच्या दोन दाव्यांत एकाचं बिल दुसऱ्याच्या चौपट. मी धरून चालले होते की समोरच्या पार्टीने त्रास दिला असेल. काही ठिकाणी तसं होतंही. पण नोंदी नीट वाचल्यावर मोठा भाग आमच्याच बाजूचा निघाला. कागदपत्रं एका विभागाने आधी दिली, दुसऱ्याने महिनाभराने, म्हणून तपासणी दोनदा. एका प्रश्नावर व्यवसायप्रमुखांना एक मेमो हवा होता, संचालकांना वेगळा, आणि तडजोड करायची की लढायचं हे मध्येच बदललं म्हणून तिसरा. फोनवरच्या बैठकांना आमचे पाच लोक आणि त्यांना तोंड द्यायला फर्मचे चार. हे सगळं तासांच्या बिलात निमूटपणे सामावून जायचं. आपल्याला नक्की काय हवं आहे हे न ठरवता काम सुरू करण्याची सोय तासांच्या बिलात असते, आणि त्या सोयीचे पैसे आम्ही भरत होतो. वित्तप्रमुखांना मी हे दाखवलं तेव्हा ते फार खूष झाले नाहीत, कारण त्या पाचांतला एक माणूस त्यांच्या विभागाचा होता.

मग प्रकार निवडणं आलं. इथे एक गोष्ट आधीच बाजूला काढली: दरातली सूट. दर दहा टक्क्यांनी कमी करतो, असं प्रत्येक फर्म पहिल्याच बैठकीत म्हणते. पण दर घटला आणि तास वाढले तर हातात काय उरतं? सगळ्यांचा मिळून एक सरासरी दर घेण्याचा प्रकारही तासांचाच. त्यात फर्मचा फायदा नवख्या लोकांकडून जास्तीत जास्त काम करून घेण्यात असतो. कमाल मर्यादा, म्हणजे बिल तासांवर पण अमुक रकमेच्या वर नाही, ही आमच्या लोकांना सगळ्यात आवडायची. मला ती सगळ्यात कमी आवडते. काम स्वस्तात झालं तर फायदा आमचा, महाग पडलं तर तोटा फर्मचा, असा एकतर्फी सौदा कोणी शहाणा माणूस फार काळ पाळत नाही. फर्म मर्यादाच फुगवून मागते, आणि एकदा मर्यादा ठरली की बिल हमखास तिच्या जवळ जाऊन थांबतं. मर्यादा ओलांडण्याची वेळ आली की पार्टनर दिसेनासे होतात आणि मसुदे कनिष्ठांकडून यायला लागतात. हे आम्ही आधीच्या एका मॅटरमध्ये पाहिलं होतं.

राहिले तीन प्रकार. नेहमीच्या कामांना नगावर दर. एका जातीच्या वर्षभराच्या सगळ्या कामाला एक उक्ती रक्कम. खटल्यांना टप्प्याटप्प्याने उक्ती फी. यातल्या दुसऱ्या प्रकाराचे मोठे दाखले आहेत. ड्यूपाँट कंपनीने १९९२ पासून साडेतीनशेच्या आसपास फर्मांची संख्या चाळीसच्या खाली आणली आणि राहिलेल्यांशी फीचे नवे करार केले. फायझरने २००९ मध्ये निवडक फर्मांना वर्षाच्या ठरावीक रकमेवर घेतलं. मागचं गणित साधं आहे. फर्मने एकच दावा अंगावर घेतला तर तो महाग पडण्याची भीती पूर्ण तिच्यावर, आणि त्या भीतीचे पैसे ती किमतीत धरते. तीस कामं एकत्र दिली तर दोन वर जातात, तीन खाली येतात आणि सरासरी सांभाळली जाते. आमची कंपनी त्यांच्या मानाने लहान, तरी तत्त्व तेच. त्यासाठी काम चार फर्मांमध्ये विखरून चालत नव्हतं. एका हाती द्यावं लागणार होतं.

फर्मांना निमंत्रण पाठवताना आमच्यात एकच मोठा वाद झाला: जुन्या बिलांचे आकडे त्यांना दाखवायचे का? खरेदी विभागाचं म्हणणं, अजिबात नाही, आपण किती देत होतो ते कळलं की तेच मागतील. मी उलट बाजूने बोलले. अंधारात किंमत सांगणारा माणूस अंधाराचे पैसे लावतोच. शेवटी रकमा झाकल्या आणि बाकीचं सगळं दिलं: कामं किती आली, दाव्यांत कागद किती होते, साक्षीदार किती, अर्ज किती, किती प्रकरणं तडजोडीत मिटली आणि कोणत्या टप्प्यावर.

उत्तरं पाहण्यासारखी होती. एका फर्मने तासांचा अंदाज गुणिले दर असा तक्ता पाठवला आणि वर 'निश्चित फी' असं शीर्षक दिलं. खालच्या टिपेत, प्रत्यक्ष तास वाढल्यास रक्कम वाढेल. एका फर्मने नम्रपणे कळवलं, की असं काम आम्ही करत नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. आम्ही जिला निवडलं त्या फर्मच्या पत्रात किमतीपेक्षा प्रश्न जास्त होते. सूचना कोण देणार, मसुद्यावर किती फेऱ्या अपेक्षित आहेत, कागदपत्रं कुठल्या स्वरूपात आहेत, मंजुरीला किती वेळ लागतो. त्यांच्याकडे किमती ठरवण्यासाठी स्वतंत्र माणूस होती; ती वकील नव्हती आणि त्यामुळे तिच्याशी बोलणं फार सोपं गेलं.

तिला मी एकच अवघड प्रश्न विचारला: या उक्त्या कामावर घालवलेले तास तुमच्या असोसिएटांच्या वर्षाच्या लक्ष्यात पूर्ण धरणार का? ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हे अजून आमच्याकडे ठरलेलं नाही." अशिलाशी उक्तं ठरलं तरी फर्मच्या आत बढती, बोनस, नाव हे सगळं तासांवरच असतं. उक्त्या कामाचे तास अर्धे धरले, तर हुशार असोसिएट दुसऱ्याच्या मॅटरवर जाणार आणि आमच्या वाट्याला रिकामा बसलेला येणार. पूर्ण धरले, तर कमी वेळात काम संपवण्यात त्याला काही गोडी नाही. हा गुंता आमच्या करारातून सुटणारा नव्हता. आम्ही एवढंच केलं, की कुठल्या प्रकारच्या कामावर किमान कुठल्या पातळीचा वकील असेल आणि सुनावणीला कोण उभा राहील, हे नावानिशी लिहून घेतलं, आणि आमच्या कामाचे तास पूर्ण धरले जातील असं फर्मकडून पत्र घेतलं. नावं घालण्याला त्या फर्मच्या पार्टनरांचा विरोध होता. मी तिथे हटले नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो गृहीतकांच्या परिशिष्टात. टप्प्याची किंमत एका ओळीत मावते. ती कशावर बेतलेली आहे हे लिहायला पानं लागतात. व्यापारी दाव्याच्या टप्प्यासाठी आम्ही लिहिलं: किती लोकांचे ईमेल तपासायचे, कागदांची अंदाजे संख्या, आपले आणि त्यांचे साक्षीदार, अंतरिम अर्ज दोन्ही बाजूंचे मिळून किती, सुनावणीचे दिवस किती. कोर्ट फी, तज्ज्ञांची फी, भाषांतर आणि प्रवास बाहेर. तारीख पुढे गेली तर काय, यावर बरंच अडलं. फर्म म्हणे, वकील तयारी करून जातो, सुनावणी होत नाही, पुढच्या वेळी पुन्हा तयारी. ते आमच्या अंगावर का? शेवटी ठरलं की काही तारखा फर्मच्या, त्यापुढच्या प्रत्येक तारखेला छोटी ठरावीक रक्कम, आणि आमच्याच विनंतीवरून तारीख गेली तर पहिल्यापासून ती रक्कम आमच्याकडे.

बदलाची सूचना हा दुसरा कळीचा भाग. गृहीतकाबाहेरचं काही आलं तर फर्मने काम करण्याआधी लिहून कळवायचं: काय बदललं, किती पैसे, न केल्यास काय होईल. आम्ही पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. काम करून मग मागितलं तर मिळणार नाही. तातडीच्या अर्जाला अपवाद ठेवला. हे सुचवलं त्यांच्या त्या किमतीवाल्या बाईंनीच.

निकालावर बक्षीस असावं असं आमच्या व्यवसायप्रमुखांना फार वाटायचं. जिंकलात तर जास्त, हरलात तर कमी. यात देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. अमेरिकेत अशी फी सर्रास चालते. इंग्लंडमध्ये २०१३ पासून दिवाणी दाव्यांत भरपाईतला वाटा घेणारे करार करता येतात. नियम बाजूला ठेवले तरी बचावाच्या दाव्यात 'जिंकणं' म्हणजे काय हे आधी ठरवणं महाकठीण, आणि लवकर तडजोडीवर बक्षीस ठेवलं की वकिलाचा सल्ला हळूच तडजोडीकडे झुकतो. म्हणून आम्ही निकालाला हात लावला नाही. प्रत्येक टप्प्याच्या रकमेचा एक भाग राखून ठेवला आणि तो सेवेवर बांधला: वेळेवर मसुदे, बातमी आधी आम्हाला मिळणं, खर्चाचा अंदाज खरा ठरणं. टप्पा संपला की मी आणि संबंधित व्यवसायाचा माणूस गुण देतो. चांगले असतील तर राखलेल्यापेक्षा जास्तही मिळतं. मला या गुणांचं आधी जरा हसू यायचं, पण फर्मचे लोक ते फार मनावर घेतात.

एक मोठा दावा कशातच बसत नव्हता. प्रश्न नवा, समोरची पार्टी भांडखोर, एल ३०० चा अंदाज कोणालाच नाही. तिथे दोन्हीकडून पट्टा बांधला. तासांचा हिशेब ठेवायचा आणि अंदाज शंभर धरायचा. नव्वद ते एकशेदहाच्या आत जे होईल ते द्यायचं. एकशेदहाच्या वर गेलं तर वरचं अर्धंच द्यायचं. म्हणजे एकशेतीस झालं तर एकशेवीस. नव्वदच्या खाली आलं तर वाचलेल्यातलं अर्धं फर्मला. म्हणजे सत्तर झालं तर ऐंशी. वित्तप्रमुखांना वीस कमी करून वर दहा परत द्यायची कल्पना सुरुवातीला रुचली नाही. मी विचारलं, नाहीतर त्यांनी सत्तरवर का थांबावं? त्यावर त्यांनी सही केली.

टाइमशीट मागायच्या की नाही, हाही प्रश्न होता. अंतर्गत लेखापरीक्षणाचं म्हणणं, उक्तं असलं तरी तास बघायला हवेत, नाहीतर जास्त दिले हे कळणार कसं? माझं मत असं, की उक्तं दिल्यावर तास मोजत बसलो तर आपण तासच विकत घेतोय. रंगारी उक्ता लावला की त्याने ब्रश किती वेळ चालवला हे कोणी बघत नाही, भिंत बघतात. तरी फर्मने नोंदी ठेवाव्यात असं आम्ही लिहिलं, कारण दावा जिंकल्यावर समोरच्याकडून खर्च वसूल करायचा तर बऱ्याच न्यायालयांत वेळेचा हिशेब मागतात. त्या नोंदी फर्मकडेच राहतात. पट्ट्याचा दावा सोडला तर आम्ही त्या उघडत नाही.

प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर पहिली गंमत आमच्याच घरात झाली. नगावर आणि वर्षावर पैसे ठरलेत हे कळताच व्यवसायातले लोक वकिलांना थेट फोन करायला लागले. पूर्वी मीटर चालू असायचा म्हणून जपून बोलायचे. आता कँटीनच्या कंत्राटापासून घरमालकाच्या भांडणापर्यंत सगळं. पार्टनरांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. एकच खिडकी ठेवली: सगळे प्रश्न आमच्या विभागातून जाणार. त्यातले बरेच आम्हीच सोडवतो असं लक्षात आलं.

खरी परीक्षा उक्त्या दाव्याच्या एल २०० टप्प्यावर झाली. समोरच्यांनी एक असा अर्ज टाकला जो गृहीतकांत नव्हता. दुसऱ्या दिवशी बदलाची सूचना आली: विरोध करायचा तर इतके, न करता चालू द्यायचं तर काही नाही, आणि दोन्हीचे परिणाम चार ओळींत. तासांच्या बिलात विरोध आपोआप झाला असता. अर्ज आला की उत्तर द्यायचं, हा वकिलाचा स्वभावच. इथे पाच दिवसांत ठरवायचं होतं. वित्तप्रमुखांनी विचारलं, "नाही लढलो तर नेमकं काय बिघडेल?" बऱ्याच वर्षांत हा प्रश्न कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. आम्ही विरोध केला नाही. पुढच्या एका सूचनेवर केला, कारण तिथे बिघडणारं बरंच होतं.

फर्मच्या बाजूनेही वागणं बदललं. न मागितलेले संशोधनाचे मेमो बंद झाले. सल्ला फोनवर आणि त्यानंतर पाच ओळींच्या मेलमध्ये यायला लागला, जो आमचे लोक वाचतात तरी. एका टप्प्यावर मसुदा पातळ आला. कामावर लिहिलेल्या नावांपैकी कोणी नव्हतं. मी परिशिष्टाचं पान पुढे केलं. पार्टनरांनी स्वतः बसून मसुदा पुन्हा लिहिला. ते पान नसतं तर ती तक्रार 'दर्जा' नावाच्या धुरकट शब्दावर अडली असती.

एकूण खर्च कमी झाला का, हे सगळे विचारतात. थोडा झाला, पण त्याचं श्रेय फीच्या पद्धतीला किती आणि आम्ही कमी गोष्टींवर लढलो याला किती, हे मला वेगळं करता येत नाही. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर मात्र नक्की घटलं. पट्ट्याचा दावा वर गेला आणि वरच्या अर्ध्याचा भार आम्ही सोसला. ती रक्कम वित्तप्रमुखांना आधीच्या तिमाहीत माहीत होती, आणि त्यांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही.

सगळं उक्तं करावं असं मला वाटत नाही. नियामकाने अचानक धाड टाकली, डेटा चोरीला गेला, संचालकांवर वैयक्तिक नोटीस आली, अशा वेळी व्याप्ती लिहायला बसण्यात अर्थ नसतो. तिथे जो वकील रात्री फोन उचलतो त्याला तासावर द्यावेत आणि पूर्ण द्यावेत. ते काम आम्ही तासावरच ठेवलं.

आता करार नूतनीकरणाला आहे आणि टेबलावर एकच विषय अडला आहे, एआयची साधनं. कागदपत्रांची पहिली चाळणी ती काही तासांत करतात. तासांच्या बिलात याचा निकाल स्पष्ट आहे: अमेरिकन बार असोसिएशनने १९९३ मध्येच मत दिलं होतं, की एका अशिलासाठी प्रवास करताना दुसऱ्याचं काम केलं तर तेच तास दोघांना लावता येत नाहीत आणि जुनं संशोधन पुन्हा वापरलं तर त्याला नव्याने लागलेच नाहीत असे तास धरता येत नाहीत, २०२४ च्या मतात एआयबद्दलही तेच, तासावर फी असेल तर प्रत्यक्ष लागलेलाच वेळ. उक्त्या फीत मात्र वाचलेला वेळ फर्मचा. पार्टनर म्हणतात, आम्ही साधनांवर पैसे घातले, धोका आमचा, फायदाही आमचा. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, अंगावर घेण्याचा अर्थच तो. खरेदी विभागाला एल ३०० ची किंमत थेट खाली हवी आहे. मी मधला प्रस्ताव दिला आहे: किंमत आहे तीच राहू दे, पण गृहीतकातली कागदांची संख्या वाढवा आणि साधनाने वगळलेल्या कागदांतून नमुना काढून माणसाने तपासायचा, हे परिशिष्टात घाला. नमुना किती टक्के असावा यावर त्यांच्या किमतीवाल्या बाईंचं उत्तर यायचं आहे.